पुढं ऊस होता

साहेब, चोरी तुम्ही केलीत, आणि आता हरवल्याची दवंडीही तुम्हीच पिटताय.

परवा तालुक्याच्या सभागृहात तुम्ही आरोग्य खात्यातर्फे नर्सपोरींचं शिबिर घेतलंत. 'आत्मविश्वास वाढवा, कामावर जीव लावा, काम आपोआप सुधारेल' असा फलक मागं लावला होता. एकेकीच्या हातात आरसा देऊन तिच्याकडून म्हणवून घेतलंत, 'मी करू शकते. मी करू शकते.' मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. रिटायर झालेला ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, मला कोण हटकणार? फलकावरचं वाक्य मी दोनदा वाचलं. खरं आहे ते. माझ्या गाडीत, माझ्या डोळ्यांदेखत ते खरं झालंय. म्हणूनच डोकं फिरलं. शाळा माझी आठवीत सुटली. पुढं जे काही वाचलं ते दवाखान्याच्या दारात गाडी उभी असताना. तेव्हा माझ्या लिहिण्यात चूक निघेल. सांगण्यात निघायची नाही.

"गाडी फिरवा," आमच्या दवाखान्याच्या हिवाळे सिस्टर म्हणाल्या.

ह्याला बरीच वर्षं झाली. उसाचा हंगाम होता, दुपारची वेळ. जिल्ह्याच्या रस्त्यावर पुलाच्या तोंडाशी उसाची ट्रॉली आडवी झाली होती. मोळ्या सुटून रस्ताभर पसरलेल्या, ट्रॅक्टरचं तोंड नालीत. दोन्ही अंगांनी गाड्या अडकलेल्या आणि अडकलेली माणसं ऊस सोलून खात उभी. मी उतरून विचारून आलो होतो. क्रेन कारखान्यावरून यायची होती. "येईल की संध्याकाळपर्यंत," ट्रॅक्टरवाला म्हणाला आणि त्यानं मलाही एक कांडं दिलं.

गाडीत मागं द्वारका होती. रस्त्याकडेच्याच एका वाडीची, दुसरं बाळंतपण. लेकरू पायाळू होतं, म्हणजे डोकं वर आणि बूड खाली. डॉक्टर केंद्रे आमच्याकडं नवे होते, पण माणूस सरळ. तपासून म्हणाले, "आपल्याकडं भूल द्यायला कुणी नाही. सिझेरियन लागलं तर आपण काय करणार? पुढं पाठवू." त्यांचं बरोबरच होतं. सिस्टरनी वाद घातला नाही. फक्त म्हणाल्या, "कळांनी वेग धरलाय. मी सोबत जाते." नियमानं सोबत मावशी, म्हणजे दवाखान्याची आया, जायची. सिस्टरनी वॉर्ड दुसऱ्या सिस्टरच्या हवाली केला, चपला बदलल्या आणि गाडीत चढून बसल्या.

आता त्या मागच्या दारातून अर्ध्या बाहेर वाकून मला सांगत होत्या, गाडी फिरवा.

"सिस्टर, डॉक्टरांनी पुढं न्या म्हणून सांगितलंय," मी म्हणालो.

"पुढं म्हणजे कुठं, जालिंदरभाऊ? बघा की काचेतून. पुढं ऊस आहे."

"मग इथंच करा की. गाडीत किती बाया बाळंत झाल्या माझ्या."

"ती सरळ लेकरं होती. हे बूड घेऊन दाराशी आलंय. ह्याला टेबल लागतं, उजेड लागतो, माणसं लागतात. तुमच्या गाडीत काय आहे? ऑक्सिजनची नळी आहे, ऑक्सिजन नाही. तिकडं माझं टेबल आहे. माझ्या टेबलावर करीन."

"तेवढा वेळ पुरंल?"

"पुरवीन," त्या म्हणाल्या. "तुम्ही फिरवा."

हे 'माझं टेबल' म्हणजे आमच्या लेबर रूममधलं लोखंडी टेबल. आमच्या दवाखान्यात कुणी कशाला माझं म्हणत नसे. पंखा सरकारी, खाट सरकारी, पेशंटही सरकारीच. ही एक बाई टेबलाला माझं म्हणायची. दर शनिवारी त्याच्या खटक्यांना तेल घालायची. त्यावर कुणी डबा ठेवला तर डब्यासकट माणसाला बाहेर काढायची. एकदा खुद्द आमच्या मोठ्या डॉक्टरांची पिशवी तिनं पोर्चमध्ये नेऊन ठेवली होती. तोंड फाटकं होतं तिचं, खोटं कशाला सांगू? हळू बोलणं माहीतच नाही. मिशनच्या दवाखान्यात शिकलेली, आणि ते ती दिवसातून तीन वेळा सांगायची. "मला येतं. मी मिशनची आहे." आम्ही मागं नक्कल करायचो.

मी गाडी फिरवायला घेतली तशी द्वारकाची सासू गयाबाई ओरडली, "आवं नका, माघारी नका फिरवू! गाडी माघारी आली म्हंजी माणूस गेलं म्हणतेत!"

ते खरं होतं. आमच्या भागात ॲम्ब्युलन्स पुढं जाते ती जिवंत माणूस घेऊन, आणि माघारी येते ती मढं घेऊन. ड्रायव्हर लोकसुद्धा पेशंटसकट गाडी फिरवत नाहीत. माझाही हात स्टेअरिंगवर थबकला. नोकरीचं भ्या तर होतंच.

"गयाबाई," सिस्टर म्हणाल्या, "लोक काय म्हणतेत त्याचं बाळंतपण मी करीत नाही. तुमच्या सुनेचं करते. हिचं डोकं मांडीवर घ्या."

"अन् पायाळू लेकरू हाय. पायाळूवर वीज पडती म्हणतेत."

"काही पडत नाही. पायाळू लेकरू शहाणं असतं. पाय ठेवायला जागा आहे का ते आधी बघतं. आपल्यासारखं पहिलंच डोकं घालत नाही."

कळा सोसत द्वारका हसली. खरंच हसली. मी आरशात पाहिलं. आणि गाडी फिरवली.

वाटेत सिस्टरचा आवाज सारखा माझ्या मानेवर येत होता. "द्वारके, जोर करू नको. आलाच जोर तर फुंकर मार. चूल फुंकतीस ना? तशी. ओली लाकडं आहेत असं समज. फुंक. फुंक माझे माय. गयाबाई, तुम्ही कामून फुंकायलात? तुमचं वय गेलं आता." मग मला, "भाऊ, ते भोंगं बंद करा. पोरीच्या काळजात धडकी भरायलीय."

मी सायरन बंद केला. हीच चूक झाली. माझी म्हणा, तिची म्हणा, किंवा कुणाचीच नाही. द्वारकाच्या वाडीचा फाटा वाटेतच लागतो. तासाभरापूर्वी तिथूनच आम्ही भोंगा वाजवत पुढं गेलो होतो, वाडीनं पाहिलं होतं. आता तीच गाडी तोंड फिरवून, मुक्यानं माघारी जात होती. फाट्यावरच्या सलूनवाल्यानं गाडी बघितली आणि हातातला वस्तरा ठेवून कपाळाला हात लावला. मी ते पाहिलं. त्याचा अर्थ मला उशिरा कळला.

दवाखान्यात पोचलो. स्ट्रेचर ओढताना सिस्टर ओरडत होत्या, "ताहेरामावशी, पाणी गरम! डॉक्टरांना बोलवा! पळा!" केंद्रे डॉक्टर ओपीडीतून धावत आले. माघारी आलेली बाई बघून त्यांचं तोंड उतरलं.

"सिस्टर, हे काय? मी पुढं पाठवलं होतं."

"रस्ता बंद आहे, डॉक्टर. लेकरू थांबत नाही. मी करते, मला येतं. तुम्ही हाताखाली उभे रहा."

दुसरा कुणी असता तर तिथंच पदाचा हिशेब मांडत बसला असता. केंद्रेंनी एकवार तिच्याकडं पाहिलं, बाह्या सारल्या आणि म्हणाले, "सांगा, काय करू?" त्या माणसाला मी आजही मानतो.

आमच्या लेबर रूमच्या दाराला कडी नव्हती, आत पडदा नव्हता. दोन्हींची मागणी सिस्टर कधीपासून करत होत्या. म्हणून मी बाहेर दाराकडं पाठ करून उभा राहिलो आणि हात मागं नेऊन मुठीनं दार ओढून धरलं. आतलं काही बघितलं नाही. ऐकलं मात्र सगळं.

"हात मागं, डॉक्टर. ओढायचं नाही."

"सिस्टर, अर्धं बाहेर आलंय, वेळ जातोय..."

"जाऊ द्या. ते आपल्या वजनानं उतरतंय. आता ओढलं तर त्याचे हात वर जातील अन् डोकं अडकून बसंल. मी सांगेन तेव्हा वरून दाबा. तोवर मीही हात लावत नाही, तुम्हीही लावू नका."

मग आत शांतता. फक्त द्वारकाचं कण्हणं आणि ताहेरामावशीचं पुटपुटणं. अर्धं लेकरू जगात, अर्धं आईत, आणि ही बाई हात बांधून उभी. नवखा ड्रायव्हर घाट उतरताना सारखा ब्रेक दाबतो. जुना माणूस इंजिनच्या दमावर गाडी उतरू देतो. पण त्यासाठी गाडी आपल्या ताब्यात आहे हे पोटातून माहीत असावं लागतं. मला तिचं काम कळलं ते एवढंच.

आणि नेमकी तेव्हाच वाडी येऊन धडकली.

टेम्पो भरून माणसं. बाया उतरतानाच ऊर बडवत होत्या. "द्वारके गं! कशी गेलीस गं माझे बाई!" पुढं द्वारकाचा चुलत सासरा किसनतात्या. त्याच्या काखेत कागदात बांधलेलं कोरं हिरवं लुगडं. सवाष्ण गेली तर हिरवं लागतं ना. त्यानं वाटेत बाजारातून उचललंही होतं.

"जालिंदर, कुठं ठिवलीय तिला?" तात्यानं विचारलं.

"ठेवलीय कुठं? आत बाळंत व्हायलीय."

"नको समजूत घालू. गाडी माघारी आली, भोंगं बंद होतं. वाडीनं डोळ्यानं बघितलंय. बाजूला सर, दर्शन घेऊ दे."

माझं कोण ऐकतो? दहा-पंधरा माणसं दाराला भिडली. मी पाय रोवून मूठ आणखी घट्ट धरली. मागून दाराच्या फटीतून सिस्टरचा आवाज, "आता दाबा, डॉक्टर! हळू. हळू. आणखी." आणि पुढून बायांचा टाहो. त्या टाहोत मला आतलं काहीच ऐकू येईना. लेकरू रडलं की नाही, बाई आहे की नाही. असं वाटलं की खरंच गेली असेल आणि ह्या बायाच खऱ्या असतील.

एवढ्यात पाठीमागून दार खाडकन ओढलं गेलं, मी उताणा आत पडता पडता वाचलो. दारात सिस्टर. कोपरापर्यंत रक्त, टोपी एका कानावर.

"कोण मेलंय?" त्या गरजल्या.

बायांचं ऊर बडवणं थांबलं. एकीचा वर गेलेला हात वरच राहिला.

"मी विचारते कोण मेलंय? माझ्या वॉर्डात मला न विचारता कोण मेलंय?"

त्या शांततेत आतून लेकराचं रडणं आलं. बारीक, चिडकं, मांजराच्या पिलासारखं. मग जोरात.

"पोरगी आहे," सिस्टर म्हणाल्या. "आई चहा मागायलीय. जा, कुणीतरी चहा आणा. रडायला आलात तर कामाला तरी या."

गयाबाई आतूनच ओरडली, "मेल्यांनो, माझी सून जित्ती हाय!" आणि मग ज्या बाया रडत होत्या त्याच हसत सुटल्या. किसनतात्या मात्र काखेतलं लुगडं इकडून तिकडं करत उभा. मढ्यासाठी आणलेलं कापड दुकानदार परत घेत नाही आणि घरात कुणी नेऊ देत नाही.

सिस्टरनी ते पाहिलं. "काय आहे ते, तात्या?"

"काही न्हाई, बाई."

"द्या इकडं."

त्यांनी कागद फाडला, लुगडं उलगडलं, उजेडात धरलं. "बरं आहे की. दाट आहे." आणि त्याच संध्याकाळी मला खिळे ठोकायला लावून लेबर रूममध्ये त्याचा पडदा केला. इतकी वर्षं बाया उघड्यावर बाळंत होत होत्या. त्या दिवसापासून हिरव्या पडद्याआड होऊ लागल्या.

साहेब, इथवर गोष्ट आमची. इथून पुढं तुमची.

तुमचा माणूस चौकशीला आला तो पुढच्या आठवड्यात. आम्हाला सगळ्यांना वॉर्डात ओळीनं उभं केलं, पेशंटसमोर. तक्रार कुणाचीच नव्हती. गाडीच्या फेरीचा हिशेब जुळत नव्हता. गाडी जिल्ह्याला निघाली आणि जिल्ह्याला पोचलीच नाही, एवढीच तुमची अडचण.

"गाडी कुणाच्या अधिकारात फिरवली?" त्यानं विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत सिस्टर म्हणाल्या, "माझ्या."

"तुम्हाला अधिकार काय?"

"बाई माझ्या हातात होती."

"आदेश पुढं न्यायचा होता."

"पुढं ऊस होता, साहेब."

वॉर्डातल्या बाया फिसकन हसल्या. तुमच्या माणसाचे कान लाल झाले. केंद्रे डॉक्टर पुढं झाले, "सर, मी तिथं हजर होतो. त्यांचा निर्णय योग्य होता. मी तसं लिहून देतो."

"तुम्हाला विचारलेलं नाही," तो म्हणाला. मग सिस्टरकडं वळून, "आणि बाई दगावली असती तर?"

"तर मी आज तुमच्यासमोर मान खाली घालून उभी असते. पण दगावली नाही, साहेब. ते कुठं लिहिणार तुम्ही?"

त्यानं वही मिटली. लेबर रूममध्ये डोकावला. "हे काय लावलंय?"

"पडदा."

"कुठून आला?"

"मढ्यावर घालायला आणला होता. मढं मिळालं नाही."

आता कुणी हसलं नाही. सगळ्यांना कळलं होतं की ह्या वाक्याचं बिल येणार. आलंच. आदेशाचा भंग आणि उद्धट वर्तन, असा शेरा. हिवाळे सिस्टरची बदली जिल्ह्याच्या भांडारात. पायाळू लेकरू हात न लावता उतरवणारी बाई तुम्ही सलाईनच्या बाटल्या मोजायला बसवलीत.

जायच्या दिवशी त्यांनी टेबलाच्या खटक्यांना तेल घातलं. नव्या सिस्टरला दाखवलं, "हा डावीकडचा ओढताना बोट सांभाळ, चावतो." रडल्या-बिडल्या नाहीत. गयाबाई नातीला घेऊन आली होती, तिच्या हातातलं लेकरू घेऊन त्याचे तळपाय बघितले आणि म्हणाल्या, "टेकव गं आता नीट." मला स्टँडवर म्हणाल्या, "जालिंदरभाऊ, गाडी फिरवायला भिऊ नका. फक्त भोंगं चालू ठेवत जा."

पण मला पुन्हा कुणी गाडी फिरव म्हणालंच नाही.

नंतर आलेल्या सिस्टर वाईट नव्हत्या. हुशार होत्या, काही तर फार हुशार. पण प्रत्येकीला भांडाराची गोष्ट माहीत होती. जरा अवघड केस आली की सगळ्यांच्या तोंडी एकच, पुढं न्या. वर्षभरात केंद्रेही बदलून गेले. टेबल गंजलं, त्यावर डबे आले, मग खोकी आली. हिरवा पडदा तुमच्या एका पाहणीत 'अनधिकृत' म्हणून उतरवला. त्याच्या जागी दुसरा लावला नाही. मी मात्र गाडी चालवत राहिलो, पुढं, पुढं, पुढं. ज्यांना नेलं त्यातल्या काहीजणी पोचल्याच नाहीत. त्यांची नावं मी इथं लिहीत नाही. त्यांच्या घरी ती माहीत आहेत.

आता परवाचं सांगतो, ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं.

शिबिराच्या चहाला आमच्या दवाखान्यातली एक पोर माझ्याशेजारी बसली. नवीच आहे, चुणचुणीत. मी म्हटलं, "काय गं, आला का आत्मविश्वास?"

ती हसली. "काका, मला काम येतं हो. कॉलेजात प्रॅक्टिकलला पहिली होते मी. पण आमच्यात म्हणतात ना, जास्त शहाणपण केलं की हिवाळे होते."

मी कप खाली ठेवला. "काय होते?"

"हिवाळे. म्हणजे कुठंतरी नेऊन टाकतात. सीनिअर सांगतात, केसला हात लावू नको, तुझी हिवाळे करतील."

"हिवाळे म्हणजे काय, माहीत आहे का तुला?"

"बदलीचाच काहीतरी प्रकार असेल ना, काका?"

नाव होतं ते. बाईचं नाव. रत्नमाला हिवाळे. मिशनची. ज्या नावानं पोरींची छाती फुगायला हवी त्याचा तुम्ही भीतीचा शब्द केलात, आणि तो आता एकीकडून दुसरीकडं ओव्हर दिल्यासारखा, म्हणजे ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती सोपवतात तसा, चाललाय. त्या पोरीला काम येतं, कामावर तिचा जीवही आहे. तिच्या आत्मविश्वासाला काय झालंय ते बघायला आरसा तिच्या हातात कशाला देता? तो तुमच्याकडं ठेवा.

तुमच्या माणसानं एकदा विचारलं होतं, गाडी कुणाच्या अधिकारात फिरवली. तिनं एका शब्दात उत्तर दिलं आणि त्याची किंमत मोजली. आता माझी पाळी. मी चौकशी अधिकारी नाही, तुम्हाला ओळीत उभं करू शकत नाही. पण पुलावर ऊस अजून आडवा पडतो, नळीत ऑक्सिजन अजून नसतो, आणि तुमची माणसं बाळंतिणीला अजून म्हणतात, पुढं न्या.

पुढं म्हणजे कुठं, साहेब? सांगा. मी वाट बघतोय.